दार बंद असेल, तर पाटी लावा



घरून काम करणाऱ्या माणसाची एक तक्रार अशी असते, की ती ऐकून घरातलेच लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. तो म्हणतो, ‘नेट चालू आहे, पण ऑफिस लागत नाही.’ नेट चालू आहे म्हणजे काय? तर मुलगी आतल्या खोलीत सिनेमा पाहते आहे, आजी कीर्तन ऐकते आहे, बँकेची साइट उघडते आहे, रेल्वेचं तिकीटही निघतं आहे. ज्याच्यासाठी महिन्याचे पैसे भरून हे कनेक्शन घेतलं, ते ऑफिसचं काम तेवढं होत नाही. कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची खिडकी ‘जोडत आहे, जोडत आहे’ म्हणत राहते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी मान टाकते. कस्टमर केअरला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘सर, स्पीड टेस्ट करून बघा.’ स्पीड टेस्टमध्ये शंभराच्या जागी अठ्ठ्याण्णव येतात. मग तो म्हणतो, ‘बघा, आमच्याकडून काहीच प्रॉब्लेम नाही.’

त्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर खरोखरच सगळं हिरवं दिसत असतं. बिघाड वेगाचा नसतो, तारेचाही नसतो. कुठेतरी एक क्रमांक बंद करून ठेवलेला असतो. आज मला त्या क्रमांकांविषयी बोलायचं आहे. छोट्या कचेऱ्यांना नेटवर्क बसवून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते.

हे क्रमांक म्हणजे काय, ते आधी पाहू. इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. पण नुसता पत्ता पुरत नाही. गिरगावातल्या एखाद्या चाळीचा पत्ता पाकिटावर लिहिला आणि खोलीचा नंबर लिहिला नाही, तर पोस्टमन काय करणार? संगणकाचंही तसंच. त्याच्या आत एकाच वेळी बरीच बिऱ्हाडं नांदत असतात. एक पत्रव्यवहार पाहतं, एक वेबसाइट दाखवतं, एक फायली देतं-घेतं. म्हणून प्रत्येक पाकिटावर पत्त्याबरोबर खोलीचा क्रमांक घालावा लागतो. या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. हे क्रमांक शून्यापासून ६५,५३५ पर्यंत असतात. त्यातले पहिले १,०२४ जुन्या, मानाच्या भाडेकरूंसाठी राखलेले आहेत. ईमेल पोचवणारा २५ मध्ये, साधी वेबसाइट ८० मध्ये, कुलूपबंद वेबसाइट, म्हणजे बँक वगैरे, ४४३ मध्ये.

या खोल्या कशा मिळत, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले. तिथल्या टाटू युलोनेन नावाच्या संशोधकाने मग दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करता यावं म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव एसएसएच. त्याआधी या कामाला जी दोन साधनं वापरत, त्यांचे क्रमांक होते २१ आणि २३. मधला २२ रिकामा होता. युलोनेनने क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला एक ईमेल लिहिली आणि दुसऱ्या दिवशी २२ नंबरची खोली त्याच्या नावावर झाली. ना अर्ज, ना अनामत, ना ओळखीचा कारकून. आज जगभरचे तंत्रज्ञ लांबचे सर्व्हर सांभाळतात, ते बहुतेक याच २२ नंबरच्या दारातून आत जाऊन.

ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांची दारं अशीच ठरलेली आहेत. बहुतेक कंपन्या व्हीपीएन वापरतात. घरचा संगणक आणि ऑफिस यांच्यामध्ये, सार्वजनिक रस्त्याखालून खणलेला खासगी बोगदा, असं त्याचं वर्णन करता येईल. बोगद्यांचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दारात उघडतं. आयपीसेक नावाचा प्रकार ५०० आणि ४५०० ही दारं वापरतो. ओपनव्हीपीएन ११९४ वापरतो. अलीकडचा वायरगार्ड बहुधा ५१८२० वर असतो. पूर्वी विंडोजमध्ये एक पीपीटीपी नावाचा प्रकार फार चाले. आज तो सुरक्षेच्या दृष्टीने टाकाऊ झाला आहे, पण छळ त्यानेच सर्वांत जास्त केला. त्याला १७२३ हे दार तर लागेच, शिवाय क्रमांक ४७ ची वेगळ्याच जातीची पाकिटं लागत. दार उघडं असे, पण ती पाकिटं वाटेत कुणीतरी अडवलेली असत. ‘पासवर्ड तपासत आहे’ इथपर्यंत येऊन सगळं थांबे, आणि बिचारा कर्मचारी पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत बसे.

आता दारं बंद कोण करतं आणि कशासाठी? याची तीन निरनिराळी कारणं आहेत. ती एकत्र कालवली, की भांडण चुकीच्या माणसाशी होतं.

पहिलं कारण प्रामाणिक आहे, ते सुरक्षेचं. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा एक किडा इंटरनेटवर सुटला. १४३४ या दारातून तो शिरे. दहा मिनिटांच्या आत जगातले बहुतेक दुबळे संगणक त्याने गाठले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला, तो १३५ मधून. त्या काळी लाखो घरांतले विंडोजचे संगणक कुलूप न लावता थेट रस्त्यावर उभे होते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ती दारं आपल्याच पातळीवर बंद केली आणि पुष्कळ लोक वाचले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, तो ४४५ मधून. ज्यांच्या पुरवठादाराने ते दार आधीच लावून घेतलं होतं, त्यांच्याकडे बाहेरून त्या वाटेने तो येऊ शकला नाही. २५ नंबरचीही तीच कथा. घरोघरच्या बाधित संगणकांतून जाहिरातींच्या ईमेलचा कचरा याच दारातून बाहेर पडे. म्हणून जगभर घरगुती ग्राहकांचं २५ बंद झालं. पण इथे एक चांगली गोष्ट झाली. एक दार बंद करण्याआधी दुसरं बांधलेलं होतं. आपल्या मेल सर्व्हरकडे ओळख पटवून ईमेल सोपवण्यासाठी ५८७ हा क्रमांक १९९८ सालीच ठरला होता. चोराची वाट बंद झाली, सज्जनाला पर्यायी वाट मिळाली. बंदी घालायचीच असेल, तर ती अशी घालावी.

दुसरं कारण व्यापाराचं. ब्रॉडबँड नवं होतं, तेव्हा अमेरिकेतल्या काही केबल कंपन्यांच्या करारात घरगुती ग्राहकाने व्हीपीएन वापरू नये, असं कलम होतं. घरून ऑफिसचं काम करायचं आहे? मग व्यवसायाचा महाग प्लॅन घ्या. विजेच्या घरगुती आणि व्यापारी मीटरसारखा हा हिशेब. पण विजेच्या मीटरमधून किती युनिट गेली ते मोजतात. त्या विजेवर तुम्ही मिक्सर चालवता की शिलाई मशीन, हे पाहायला खांबावर माणूस बसवत नाहीत. टिम वू या कायद्याच्या अभ्यासकाने २००३ साली या करारांची छाननी केली. ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’, म्हणजे जाळ्याची तटस्थता, हा शब्द रूढ झाला तो त्याच्या त्या निबंधामुळे. रस्ता देणाऱ्याने गाडीत काय आहे ते पाहून वाट अडवू नये, हे त्याचं सार. पुढे २००५ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या मॅडिसन रिव्हर या टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरून बोलण्यासाठी लागणारी दारं बंद केल्याचं प्रकरण उभं राहिलं. तिचे स्वतःचे टेलिफोन होते, आणि ग्राहक स्वस्तातल्या इंटरनेट-फोनकडे वळत होते. कारण उघडच होतं. तिथल्या दूरसंचार आयोगाने चौकशी केली. कंपनीने १५ हजार डॉलर भरले आणि ती दारं पुन्हा बंद न करण्याचं कबूल केलं. रक्कम किरकोळ होती, पण दार बंद करणं हा हिशेब विचारण्याजोगा विषय आहे, एवढं त्यातून ठरलं.

तिसरं कारण यांहून निराळं आहे आणि आपल्याकडे ते फार आढळतं. इथे दार कुणी बंद केलेलंच नसतं. घराला स्वतःचा पत्ताच नसतो. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. १९८० च्या आसपास ते अमाप वाटले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचं वाटप रेशनवर आलं. मग पुरवठादारांनी एक युक्ती काढली. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवायची. अशा घरातून बाहेर पाकीट पाठवता येतं आणि त्याचं उत्तरही परत येतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर कुठल्या घराकडे पाठवायचं, हे दारावरच्या रखवालदाराला ठाऊक नसतं. तो पाहुण्याला परत लावतो. ऑफिसमधून घरच्या संगणकावर यायचं असेल, दुकानातला कॅमेरा घरून पाहायचा असेल, किंवा छोट्या कचेरीत स्वतःचं व्हीपीएन बसवायचं असेल, तर इथे अडतं. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होताना दिसला, तर आपण अशा सामायिक पत्त्याच्या चाळीत आहोत, असं समजावं. यावर खरा उपाय नव्या पद्धतीचे, आयपीव्ही-सिक्सचे पत्ते. तात्पुरता उपाय म्हणजे जादा पैसे भरून ‘स्टॅटिक आयपी’ घेणं.

ही झाली कारणं. आता त्यांचा भार कुणावर पडतो, ते पाहू.

मार्च २०२० पर्यंत घरून काम ही आपल्याकडे थोड्यांची चैन होती. बीपीओ आणि कॉल सेंटरसारख्या कंपन्यांनी कर्मचाऱ्याला घरी बसवायचं म्हटलं, तर दूरसंचार विभागाच्या अटी कडक होत्या. सुरक्षा अनामत ठेवा, अधिकृत पुरवठादाराकडूनच खासगी जोडणी घ्या, वगैरे. टाळेबंदीच्या तोंडावर, मार्च २०२० मध्ये, या अटी तात्पुरत्या सैल केल्या गेल्या. पुढे ५ नोव्हेंबर २०२० रोजी नवे नियम आले आणि जून २०२१ मध्ये ते आणखी मोकळे झाले. म्हणजे सरकारने कायद्याचं दार उघडलं. पण गावोगावच्या वायरीवरची दारं उघडी आहेत की नाहीत, हे त्या घाईत कुणी पाहिलं नव्हतं.

एप्रिल २०२० मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक बाई पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी विम्याचे दावे तपासून नोंदवण्याचं काम करत. टाळेबंदी लागली तेव्हा त्या माहेरी अडकल्या होत्या. पैसे तपासलेल्या दाव्यांवर मिळत, महिन्याच्या पगारावर नाही. घरात पुतण्याच्या अभ्यासासाठी गावातल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड होतं. त्यावर सगळं चाले, ऑफिसचं व्हीपीएन मात्र लागेना. कंपनीचं नेटवर्क माझ्याकडे होतं, म्हणून फोन माझ्याकडे आला. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा.’ हॉटस्पॉटवर व्हीपीएन एका झटक्यात लागलं. म्हणजे संगणक ठीक, पासवर्ड ठीक, ऑफिस ठीक. अडथळा ब्रॉडबँडच्या वाटेवर. मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळे आणि ते दुपारपर्यंत संपे. पावसाळी हवा आली की तेही नाही.

केबलवाला माणूस चांगला होता. पण तोही वरच्या कुणाकडून इंटरनेट घेत होता, आणि वरचा म्हणे, आमच्याकडे काही बंद नाही. रोज एक फोन, रोज तेच उत्तर. नवव्या दिवशी वरच्या कंपनीतला एक जाणकार तंत्रज्ञ फोनवर भेटला. मी त्याला नेमकं विचारलं, ‘यूडीपी ५०० आणि ४५००, बाहेर जाणारं, तुमच्याकडे अडतं का?’ त्याने पाहिलं आणि म्हणाला, ‘हो, फिल्टर आहे. कधीचा आहे, कुणी टाकला, माहीत नाही. टाकणारा नोकरी सोडून गेला असेल.’ दहा मिनिटांत त्याने तो काढला. संध्याकाळी ताईंचा फोन आला, काम सुरू झालं म्हणून. पण त्या नऊ दिवसांत अर्धे दावे दुसऱ्यांकडे वळवले गेले होते, त्याचे पैसे गेले ते गेलेच. आणि त्या मला म्हणाल्या, ‘घरातल्यांना वाटत होतं, मलाच जमत नाही.’

श्रोतेहो, मला या प्रकरणातलं हे वाक्य सर्वांत जास्त लागलं. वीज गेली, तर सगळ्या आळीला दिसतं. पाणी गेलं, तर शेजारी सांगतो. पोर्ट बंद असलं, तर ते एकालाच कळतं, आणि त्यालाही कळत नाही की काय झालं आहे. मग दोष माणसावर येतो. मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाला असं झालं, तर आयटी विभाग धावतो, दुसरं कनेक्शन येतं. तुकड्यावर काम करणाऱ्या बाईला, गावी राहून बाहेरच्या कंपनीचे हिशेब लिहिणाऱ्या मुलाला, प्रकृतीमुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसाला धावून येणारं कुणी नसतं.

दारं बंद ठेवल्याने सुरक्षा तरी वाढते का? काही दारांच्या बाबतीत वाढते, ते मी सांगितलं. पण सरसकट बंदीचा एक विचित्र परिणाम झाला आहे. सगळ्यांनी ४४३ कडे धाव घेतली. ते दार बंद करण्याची कुणाची छाती नाही, कारण ते बंद झालं, तर बँका, तिकिटं, खरेदी सगळंच थांबेल. म्हणून आज पुष्कळ व्हीपीएन ४४३ मधूनच जातात. हॉटेलात, विमानतळावर, जिथे फक्त ८० आणि ४४३ उघडी असतात, तिथे ही सोय उपयोगी पडते. पण त्याची किंमत असते. ४४३ वरची वाहतूक बहुधा टीसीपी पद्धतीची असते. तिच्यात हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवण्याची व्यवस्था आहे. बोगदाही टीसीपीचा आणि त्याच्या आतली गाडीही टीसीपीची, असं झालं, की एक पाकीट हरवताच दोघेही ते भरून काढायला धावतात आणि एकमेकांच्या पायात येतात. लाइन चांगली असेल तर कळत नाही. गावाकडच्या डळमळीत लाइनवर मात्र ऑफिस ‘लागतं, पण सरपटतं’. बरं, ज्याला लपूनछपून काही करायचं आहे, तोही ४४३ मधूनच जातो. त्यामुळे ५०० आणि ११९४ बंद करून अडतो तो सरळ मार्गाने जाणारा.

दुसरा परिणाम अधिक धोक्याचा. व्हीपीएन लागत नाही म्हणून वैतागलेली छोटी कचेरी सोपा रस्ता धरते. ऑफिसच्या संगणकाचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ हे दार, थेट इंटरनेटवर उघडून ठेवते. टाळेबंदीत असं जगभर झालं. हे म्हणजे मागचा बोळ बंद आहे म्हणून दुकानाचं शटर रात्रभर वर ठेवण्यासारखं आहे. मे २०१९ मध्ये याच सेवेतली ब्लूकीप नावाची मोठी त्रुटी उघड झाली होती. पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न तर अशा उघड्या दारावर अहोरात्र चालू असतात. सुरक्षित वाट अडवली, की लोक असुरक्षित वाटेने जातात.

कायदा काय म्हणतो? युरोपीय संघाने २०१५ साली नियम केला, की पुरवठादाराने वाहतुकीत भेदभाव करू नये. सुरक्षेसारखी कारणं असतील, तर तेवढ्यापुरतं आणि तेवढाच काळ अडवावं, आणि ग्राहकाला करारात ते सांगावं. अमेरिकेत नियम २०१५ साली झाले, २०१७ साली मोडीत निघाले, २०२४ साली पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते रद्द केले. आपण या बाबतीत मागे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर आकारायला मनाई केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तटस्थतेच्या शिफारशी दिल्या आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या. त्यानंतर परवान्याच्या अटींतच अडवणं, मंद करणं, भेदभाव करणं यांना बंदी आली. या भेदभावाच्या व्याख्येत ‘नेटवर्क प्रोटोकॉल’चा, म्हणजे वाहतुकीच्या पद्धतीचाही, उल्लेख आहे. वाहतूक आवरण्याचे वाजवी उपाय करायला सवलत आहे, पण ते प्रमाणात, तात्पुरते आणि पारदर्शक हवेत.

पारदर्शक हा शब्द छान आहे. पण आपल्या घरी येणाऱ्या कनेक्शनवर कुठले क्रमांक बंद आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगितलं गेलं? कनेक्शन घेताना आपण वेग विचारतो, भाडं विचारतो, राउटर फुकट आहे का विचारतो. बंद दारांची यादी मागत नाही, आणि न मागता ती कुणी देत नाही.

अशी यादी देणं अशक्य नाही. अमेरिकेतली कॉमकास्ट ही कंपनी २००७ साली लोकांच्या फायलींच्या देवाणघेवाणीत गुपचूप अडथळे आणण्यावरून गाजली होती. तीच कंपनी नंतर बंद पोर्टांची यादी आपल्या ग्राहकांसाठी जाहीर करू लागली. क्रमांक कोणता, येणारा बंद की जाणारा, आणि का बंद, असा तक्ता. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बायटॅग या तांत्रिक सल्लागार गटाने याच विषयावर एक अहवाल दिला. त्याच्या शिफारशी साध्या आहेत. दुसरा इलाज नसेल, तरच पोर्ट बंद करा. बंद केलीत, तर जाहीर करा. ज्याला खरी गरज आहे, त्याला शक्य तिथे उघडून द्या. तक्रार ऐकण्याची वाट ठेवा. आणि जुन्या बंदीची गरज उरली आहे का, हे ठरावीक काळाने पाहत जा. साताऱ्याच्या त्या ताईंचे नऊ दिवस या शेवटच्या एका शिफारशीने वाचले असते.

आता शेवटी थोडं व्यवहाराचं. तुमच्या घरी ‘नेट चालू, ऑफिस बंद’ असं झालं, तर आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहा. तिथे लागलं, तर संगणक आणि पासवर्ड यांच्यामागे लागू नका. मग ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारा, आपलं व्हीपीएन कुठलं पोर्ट वापरतं, टीसीपी की यूडीपी, आणि ते कागदावर लिहून घ्या. राउटर दुसरा मिळत असेल, तर तो लावून पाहा. कधी कधी अडथळा घरातल्या डबीतच असतो. त्यानंतर पुरवठादाराकडे तक्रार करा, पण ‘नेट चालत नाही’ असं म्हणू नका. ‘अमुक क्रमांकाची बाहेर जाणारी यूडीपी वाहतूक अडते आहे’ असं लेखी द्या आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायची दुसरी पायरी ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी घालून दिली आहे. तोवर ऑफिसकडे ४४३ वरून चालणारी पर्यायी वाट मागा. आणि ३३८९ मात्र कुणीही कितीही सांगितलं, तरी उघडं ठेवू नका.

हे एकट्याने करण्यापेक्षा सोसायटीने, गावातल्या चार ग्राहकांनी मिळून केलं, तर अधिक बरं. केबलवाल्याकडे सगळ्यांनी एकच प्रश्न न्यावा, की आमच्या लाइनवर काय काय बंद आहे, ते लिहून द्या. त्यालाही माहीत नसेल, तर तो वर विचारील. वर विचारणारे वाढले, की तिथली जुनी, विसरलेली कुलुपं आपोआप तपासली जातील.

आपली नगरपालिका कधी एखाद्या दिवशी पाणी बंद ठेवते. आपण कुरकुर करतो, पण आदल्या दिवशी पेपरात सूचना येते. कुठल्या भागात, किती ते किती, आणि जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी की आणखी कशासाठी. ती वाचून आपण हंडे भरून ठेवतो. पोर्ट बंद ठेवायला माझी हरकत नाही. काही बंदच असावीत. मी मागतो आहे ती एवढीच सूचना. ज्याची रोजीरोटी त्या तारेवर आहे, त्याला हंडा भरून ठेवायची संधी मिळावी, आणि आपल्याला काम जमत नाही, असं त्याच्या घरच्यांना वाटू नये.